ठसक्याचं दुसरं टोक

जळगावहून भुसावळकडे किंवा सावदा-फैजपूरच्या बाजूला निघालं की रस्त्याच्या कडेला केळीच्या वेफर्सच्या भट्ट्या दिसायला लागतात. सोललेली हिरवी केळी घमेल्यात पडलेली असतात. कढईवरच किसणी आडवी धरलेली असते आणि तिच्यावरून चकत्या सरसर घसरत थेट तापल्या तेलात पडतात. तेल खळखळतं, केळ्यातल्या पाण्याची वाफ होते, फेस वर येतो. फेस बसला की वेफर झाले, झाऱ्याने उपसायचे. इथवर सगळं ठीक असतं. गोष्ट सुरू होते ती दोन घाण्यांच्या मधल्या वेळात. कढई रिकामी, खाली जाळ तसाच, तळणारा गिऱ्हाइकाला पुडा बांधून देतोय, आणि तेलावर निळसर धूर तरंगू लागतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठसका लागतो. हा ठसका लावण्यात मोठा वाटा असतो तो अ‍ॅक्रोलिन नावाच्या एका लहानशा रेणूचा.

डोळे आणि घसा यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण याच रेणूने वैद्यकशास्त्राला सगळ्यात जास्त छळलं ते एका भलत्याच ठिकाणी, ओटीपोटात खाली दडलेल्या मूत्राशयात. तिथे त्याने माणसांना अक्षरशः रक्ताची लघवी करायला लावली आहे. भट्टीवरच्या ठसक्याचा आणि त्या रक्ताचा संबंध काय, आणि किती, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण अशा विषयात माणसं दोन टोकांना जातात: एकतर तळलेलं सगळं विष, नाहीतर आमच्या आजोबांना काय झालं होतं?

अ‍ॅक्रोलिन येतो कुठून हे आधी पाहू. तेल किंवा तूप म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेल्या तीन स्निग्ध आम्लांच्या साखळ्या. तेल फार तापलं की साखळ्या सुट्या होतात, ग्लिसरॉलमधून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि उरतो तो अ‍ॅक्रोलिन: तीन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एवढाच जीव. देवापुढची समई फुंकर मारून विझवली की वातीतून जो उग्र, नाकात जाणारा वास येतो त्यातही हाच असतो. स्वीडनच्या बर्झेलियसने १८३९ मध्ये याची दखल घेऊन त्याला हे नाव दिलं आणि ऑस्ट्रियाच्या योसेफ रेडटेनबाखरने १८४३ मध्ये त्याचा पुढे अभ्यास केला. चरबी आणि ग्लिसरीन तापवून पाहण्याचे ते दिवस होते. त्या प्रयोगशाळांमध्ये काय ठसके लागले असतील!

नंतर कळलं की ग्लिसरॉल हा एकच रस्ता नाही. स्निग्ध आम्लांच्या साखळ्या हवेतल्या ऑक्सिजनने तुटतात तेव्हाही अ‍ॅक्रोलिन तयार होतो, आणि लिनोलेनिक आम्ल जास्त असलेल्या तेलात तो अधिक होतो. जवस हे त्याचं ठळक उदाहरण. खान्देशात तळणाला भुईमूग आणि सरकीचं तेल चालत आलं, आता त्यांच्या जोडीला सोयाबीन आणि पाम आलं आहे. सोयाबीनच्या तेलात लिनोलेनिक आम्ल थोडं असतं, भुईमुगात जवळपास नसतंच. पण तेलाच्या जातीपेक्षा मोठा फरक पडतो तो ते किती तापवलं आणि किती वेळा तापवलं याने. तळणाला १७० ते १८० अंश पुरतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यातल्या साखळ्या आधीच सुट्या झालेल्या असतात आणि ते पूर्वीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागतं. म्हणूनच काळं, दाट झालेलं तेल लवकर धुरतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात बिघडलेल्या घटकांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांपुढे जाता कामा नये असा नियम केला आहे. भट्टीवर तो मोजणार कोण, हा वेगळा प्रश्न.

अ‍ॅक्रोलिनबद्दल एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवायला हवी. तो ५३ अंशांना उकळतो. म्हणजे १८० अंशांच्या तेलात तयार झाल्या झाल्या त्यातला बराचसा उडून जातो. वेफर्सच्या पुड्यात त्यातलं थोडंच उरतं. तो अन्नातला विषारी पदार्थ म्हणून ओळखला जातो खरा, पण खाणाऱ्याच्या पोटापेक्षा तळणाऱ्याच्या छातीत जास्त जातो. धुळ्याच्या शेवभाजीवर वरून टाकलेली शेव खाणारा दहा मिनिटांत उठून जातो. शेव पाडणारा सोऱ्या धरून सकाळपासून दुपारपर्यंत त्या कढईवर वाकलेला असतो. चुलीचा धूर हाही अ‍ॅक्रोलिनचा मोठा साठा. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी बरंचसं अशाच रेणूंमुळे येतं. आणि विडी-सिगारेटच्या धुरात तर तो असतोच असतो.

कारखान्यात अ‍ॅक्रोलिन मुद्दाम बनवतात, तोही टनांनी. प्रोपिलीन वायूवर हवेची क्रिया करून तो तयार होतो आणि त्यापासून पुढे अ‍ॅक्रिलिक आम्ल व मेथिओनिन बनतं. मेथिओनिन हे कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं अमायनो आम्ल. म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खान्देशातल्या नवापूरच्या, २००६ च्या बर्ड फ्लूमुळे देशभर नाव झालेल्या पोल्ट्री पट्ट्यात जे खाद्य पडतं, त्यातलं मेथिओनिन कुठेतरी दूरच्या कारखान्यात अ‍ॅक्रोलिनपासूनच जन्मलेलं असण्याची शक्यता मोठी. कोंबडीपर्यंत अ‍ॅक्रोलिन पोचत नाही, पोचतं ते मेथिओनिन. पण त्या कारखान्यातल्या कामगाराची काळजी घ्यावीच लागते. अमेरिकेत कारखान्याच्या हवेतली मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात कालव्यातलं पाणगवत मारायलाही तो वापरला गेला. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तो हातबाँबमध्ये भरून शत्रूवर फेकला.

आता मूत्राशय.

या अवयवाकडे आपण फार तुच्छतेने पाहतो. हृदयावर गाणी होतात, यकृतावर जाहिराती होतात. मूत्राशयाची आठवण येते ती एसटी थांबत नाही तेव्हा. पण त्याचं काम सोपं नाही. दिवसभरात दीड लिटरच्या आसपास लघवी थेंबाथेंबाने येत राहते, ती चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत साठवायची, आतला दाब वाढू द्यायचा नाही, मालकाला वेळेवर पण घाई न करता कळवायचं, आणि हुकूम झाला की संपूर्ण रिकामं व्हायचं. शिवाय लघवी म्हणजे शरीराने नको म्हणून टाकलेल्या सगळ्या गोष्टींचा पाक. तो भिंतीतून परत रक्तात झिरपू द्यायचा नाही. यासाठी आतल्या अस्तरावर छत्रीसारख्या पसरट पेशींचा एक थर असतो. त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या घट्ट फरश्या बसवलेल्या असतात आणि त्यावर श्लेष्माचा एक पातळ लेप. मूत्राशय फुगलं की या पेशी ताणून सपाट होतात, रिकामं झालं की पुन्हा जाड. हे अस्तर शाबूत आहे तोवर खालच्या चेतातंतूंना लघवीत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

मग विष नेमकं इथेच का भोवतं? धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुन्या फड पद्धतीचे बंधारे आहेत. नदीतून पाणी वाहून जातं, बंधाऱ्याला ते थांबतं. पाण्यात जे काही असेल त्याचा मार वाहत्या पात्राला घटकाभर बसतो आणि बंधाऱ्याच्या भिंतीला तासन् तास. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांतून लघवी पुढे सरकत राहते. मूत्राशयात ती तीन-चार तास मुक्काम करते. शिवाय मूत्रपिंडाने पाणी शोषून तिला दाट केलेलं असतं.

अ‍ॅक्रोलिन हा रेणू मोठा भांडखोर. गंधकाचा अणू दिसला की त्याला चिकटलाच. आपल्या प्रथिनांमध्ये गंधक ठिकठिकाणी आहे, तेव्हा पेशीत शिरलेला अ‍ॅक्रोलिन जिथे जाईल तिथे काहीतरी बिघडवतो. शरीराने याच्यावर एक तोड ठेवली आहे: ग्लुटाथायोन. हा गंधकयुक्त रेणू स्वतः पुढे होऊन अ‍ॅक्रोलिनला मिठी मारतो, जोडीने दोघे निरुपद्रवी होतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. विडी ओढणाऱ्याच्या लघवीत हा बांधलेला माल न ओढणाऱ्यापेक्षा जास्त सापडतो, आणि तो मोजून कोणाच्या अंगात किती अ‍ॅक्रोलिन गेला याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे कढईचा धूर मूत्राशयापर्यंत पोचतो खरा, पण बहुतांशी बेड्या घातलेल्या अवस्थेत.

मोकळा अ‍ॅक्रोलिन मूत्राशयात पोचला तर काय होतं, हे जगाला दाखवून दिलं ते एका औषधाने.

१९५८ मध्ये जर्मनीतल्या आस्टा-वेर्के या कंपनीतल्या नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फामाइड पुढे आणलं. मस्टर्ड वायूच्या कुळातलं हे औषध; युद्धातल्या विषाचं कर्करोगाच्या औषधात झालेलं रूपांतर. रक्ताचे कर्करोग, लसिकाग्रंथींचे कर्करोग, स्तनाचा कर्करोग, शिवाय ल्युपसमध्ये मूत्रपिंडं बिघडतात तेव्हा, असं ते आजही जगभर दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे. खान्देशातून रात्रीची गाडी पकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबांना हे नाव, किंवा एन्डॉक्सन हे त्याचं बाजारातलं नाव, पाठ असतं.

पण औषध सुरू झाल्यापासूनच एक त्रास दिसत होता. काही रुग्णांना डोस मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत लघवीला जळजळ सुरू व्हायची, दर अर्ध्या तासाने जावंसं वाटायचं, ओटीपोटात कळ यायची आणि लघवी आधी गुलाबी, मग लाल व्हायची. काहींत रक्ताच्या गुठळ्या होऊन मूत्रमार्गच तुंबायचा. आणि ज्यांनी हे सोसून उपचार पुरे केले त्यांच्यातल्या काहींचं मूत्राशय पुढे घट्ट, आखडलेलं होऊन बसायचं, त्यात शंभर मिलिलिटरही मावायची मारामार. कर्करोग गेला आणि माणूस रात्रभर मोरीकडे खेपा घालत राहिला.

सुरुवातीला दोष औषधाच्या मूळ रेणूवरच गेला. १९७९ मध्ये पी. जे. कॉक्स या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की खरा गुन्हेगार वेगळा आहे. सायक्लोफॉस्फामाइड यकृतात फुटतं तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा कर्करोगाच्या पेशी मारतो. दुसरा तुकडा म्हणजे अ‍ॅक्रोलिन. तो औषधाच्या कामाचा नाही, नुसता उपपदार्थ, आणि तो थेट लघवीत उतरतो. तिथे त्याच्या हाती मोकळं रान आणि कित्येक तासांचा वेळ. छत्री पेशी सुटून येतात, त्याखालचा थर सुजतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

दोष कळला तसा इलाजही सापडला. हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत देखणं पान वाटतं. ब्रॉक यांच्याच गटाने मेस्ना नावाचा एक लहान गंधकयुक्त रेणू निवडला. त्याची खुबी अशी की रक्तात तो दोन-दोनच्या जोड्या बांधून निजून राहतो, म्हणून औषधाच्या कर्करोगमारक तुकड्याला हात लावत नाही. मूत्रपिंडात आला की जोडी सुटते, गंधक मोकळं होतं आणि लघवीत उतरलेल्या अ‍ॅक्रोलिनला ते पकडतं. जे काम पेशीत ग्लुटाथायोन करतं तेच इथे लघवीत. कर्करोगाच्या वॉर्डात हे पाहायला मिळतं: मुख्य औषधाची बाटली लागताना एक इंजेक्शन, चार तासांनी दुसरं, आठ तासांनी तिसरं, प्रत्येक वेळी मुख्य डोसच्या पाचव्या हिश्श्याइतकं. नर्स घड्याळ बघून येते. नातेवाइकांना वाटतं, एवढं कशाला, एकदाच द्या की. पण मेस्ना शरीरात टिकत नाही आणि अ‍ॅक्रोलिन मात्र तासन् तास झिरपत राहतो. म्हणून पाळी चुकवून चालत नाही. सगळ्यांनाच ते लागतं असंही नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या डोसला भरपूर पाणी आणि वेळोवेळी लघवी एवढ्यावर बहुधा भागतं. मोठ्या डोसला, आणि इफॉस्फामाइड या त्याच्या भावंडाला, मेस्नाशिवाय गत्यंतर नाही. गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टर सकाळीच घ्या म्हणतात त्याचंही कारण हेच. रात्री घेतली तर सकाळपर्यंत ती लघवी मूत्राशयातच बसून राहील.

यात एक वेगळाच धागा २००६ मध्ये हाती लागला. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत चेतातंतूंवरच्या टीआरपीए-१ नावाच्या एका दाराचा अभ्यास चालू होता. मोहरीचा झणका आणि लसणाचा तिखटपणा याच दारातून जाणवतो. त्यांना दिसलं की अ‍ॅक्रोलिनही हेच दार उघडतो. शेजारचं दुसरं दार, टीआरपीव्ही-१, मिरचीतल्या कॅप्सेसिनसाठी असतं. त्याच्या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे खान्देशी घरात फोडणीत मिरची टाकल्यावर जो खकाणा उठतो आणि ओटीवर बसलेला पाहुणाही खोकतो, त्यात दोन्ही दारं वाजत असतात: मिरचीचं आणि जास्त तापलेल्या तेलाचं.

ही दारं नाकात आणि घशात आहेत तशी मूत्राशयाच्या चेतातंतूंवरही आहेत. एरवी अस्तराने झाकलेली असतात. अ‍ॅक्रोलिनने अस्तर फाडलं की तो त्या तंतूंपर्यंत पोचतो आणि दार ठोठावतो. घशात याचा अर्थ खोकला, मूत्राशयात याचा अर्थ घाई. मूत्राशय अर्धंही भरलेलं नसतं आणि मेंदूला सांगावा जातो, आत्ताच चला. घशाला लागलेला ठसका एका घोट पाण्याने जातो. मूत्राशयाला लागलेला आठवडे टिकतो. उंदरांच्या मूत्राशयात अ‍ॅक्रोलिन थेट सोडला तरी हेच घडतं: भिंत सुजते, आकुंचनं वाढतात, थोड्या थोड्या वेळाने थोडी थोडी लघवी. चिडखोर मूत्राशयावरची नवी औषधं तपासायला आजही जगभर सायक्लोफॉस्फामाइड दिलेले उंदीर वापरतात.

मग वेफर्सच्या भट्टीवरच्या माणसाचं मूत्राशय बिघडतं का? मला वाटतं, इथे जरा दमाने घ्यावं. औषधाच्या एका मोठ्या डोसमधून लघवीत उतरणारा मोकळा अ‍ॅक्रोलिन आणि धुरातून आत जाऊन ग्लुटाथायोनने बांधलेला अ‍ॅक्रोलिन यांत प्रमाणाचं प्रचंड अंतर आहे. कढईच्या धुराने कोणाला रक्ताची लघवी लागली असं म्हणायला आधार नाही. त्या धुराचा पहिला मार फुप्फुसांना. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये फार तापलेल्या तेलातल्या तळणाच्या धुराला, तसंच चुलीतल्या लाकडाच्या धुराला, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं ते मुख्यतः फुप्फुसांकडे पाहून. खुद्द अ‍ॅक्रोलिन त्याच गटात आला तो नंतर, २०२० च्या अखेरीस झालेल्या बैठकीत.

तंबाखूची गोष्ट मात्र वेगळी. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं एकमेव कारण धूम्रपान आहे, याबद्दल आता वाद नाही. त्यात मुख्य हात अरोमॅटिक अमाइन या रसायनांचा मानला जातो. ही तीच रसायनं, ज्यांचा माग १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाला लागला. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी त्यांना वारंवार दिसू लागल्या होत्या. अ‍ॅक्रोलिन या कामात अमाइनच्या जोडीला असावा असं काही संशोधकांचं म्हणणं आहे, कारण मूत्राशयाच्या अस्तरातल्या डीएनएवर त्याच्या खुणा सापडल्या आहेत. दिवसभर भट्टीचा धूर आणि मधल्या वेळात विडी, अशी जोडी असेल तर आधी काय सोडायचं हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

अ‍ॅक्रोलिनशी नावात साम्य असलेला अ‍ॅक्रिलामाइड याच कढईत जन्मतो आणि लोक दोघांची गल्लत करतात, म्हणून त्याचीही थोडी ओळख. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनने जाहीर केलं की बटाट्याचे वेफर्स, फ्रेंच फ्राइज, खरपूस भाजलेला पाव यांत अ‍ॅक्रिलामाइड असतो. त्याआधी १९९७ मध्ये तिथल्या हालांडसोस बोगद्यात पाणी गळू नये म्हणून अ‍ॅक्रिलामाइड असलेलं सारण भिंतीत भरलं होतं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. कामगारांचं रक्त तपासताना बोगद्याशी काही संबंध नसलेल्या माणसांच्या रक्तातही या रसायनाच्या खुणा दिसल्या, आणि शोध घेत घेत शास्त्रज्ञ स्वयंपाकघरात पोचले. आधी संशय गेला तो तेलातल्या अ‍ॅक्रोलिनवर, की त्यातूनच हा बनत असेल. २००२ च्याच ऑक्टोबरात सिद्ध झालं की मुख्य रस्ता वेगळा आहे: पिष्टमय पदार्थातलं अ‍ॅस्पराजिन हे अमायनो आम्ल आणि साखर, १२० अंशांच्या वर, कोरड्या आचेवर. वेफरचा सोनेरी रंग आणि अ‍ॅक्रिलामाइड एकाच क्रियेतून येतात. तो अ‍ॅक्रोलिनसारखा उडून जात नाही, पदार्थातच राहतो. त्यामुळे ताटात येतो तो हा.

मूत्राशयाशी याचं वागणं अ‍ॅक्रोलिनच्या अगदी उलट. अ‍ॅक्रिलामाइड अस्तराला हात लावत नाही, तो चेतातंतूंची टोकं मारतो, आणि लांबच लांब तंतू आधी. म्हणून विषबाधेत पहिल्यांदा पाय लटपटतात. प्रयोगातल्या उंदरांना मोठ्या मात्रेत दिला तेव्हा त्यांची मूत्राशयं टम्म फुगलेली आढळली. भरलेलं कळत नाही, रिकामं करता येत नाही. एक विष मूत्राशयाला क्षणभर बसू देत नाही, दुसरं त्याला झोपवून टाकतं. मात्र आहारातून जेवढा अ‍ॅक्रिलामाइड जातो तेवढ्याने माणसात असं काही होतं असं दिसलेलं नाही. नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांत आहारातल्या अ‍ॅक्रिलामाइडचा मूत्राशयाच्या कर्करोगाशीही संबंध आढळला नाही. युरोपने २०१७ मध्ये बटाट्याच्या वेफर्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅमचा मापदंड ठरवला, तो खबरदारी म्हणून. घरी आणि भट्टीवर याचा अर्थ एवढाच की वेफर पिवळे असताना उपसावेत, तपकिरी व्हायची वाट पाहू नये. गिऱ्हाइकालाही सांगायला हवं. कडक, लालसर वेफर मागणारे आपणच असतो.

आता पुन्हा खान्देशात येऊ, आणि थोडं रसायनशास्त्र बाजूला ठेवू. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात भट्टीपुढे उभ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि लघवी दिवसातून दोनदा, गडद पिवळी. जे काही विष तिच्यात उतरतं ते दाट होऊन, जास्त वेळ भिंतीला लागून राहतं. शिवाय अशी दाट लघवी मुतखड्याला आवतण देते, आणि मुतखडा हा या भागातल्या प्रत्येक गल्लीतला पाहुणा. बायकांचं आणखी अवघड. भट्टीवर, जिनिंगमध्ये, केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाईला जवळपास संडास नसेल तर ती पाणीच कमी पिते, आणि आलेली लघवी दाबून ठेवते. अ‍ॅक्रोलिनच्या रेणूवर हजार निबंध निघाले. कामाच्या जागी बायकांसाठी एक आडोसा बांधला तर तिथल्या मूत्राशयांचं त्या हजारांहून जास्त भलं होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

भट्टीवाल्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत. दोन घाण्यांच्या मध्ये जाळ कमी करणं, कढईत तेल धुरू न देणं, काळं झालेलं तेल नव्या तेलात न मिसळणं, भट्टी वाऱ्याच्या दिशेला मांडणं, कढईवर धुराडं काढणं. धूर दिसला म्हणजे तेल वाया चाललं आहे, ही भाषा त्याला लवकर समजते, आणि ती खरीही आहे.

घरात कोणाला सायक्लोफॉस्फामाइड किंवा इफॉस्फामाइड सुरू असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर, त्यांना भरपूर पाणी द्या आणि रात्रीतही एकदा उठवून लघवीला न्या. मेस्नाची वेळ टळली तर नर्सला आठवण करा, त्यात संकोच नको. लघवीचा रंग बदलला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

आणि बाकी सगळ्यांसाठी एक. आपल्याकडे उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सुरू होतो. जळजळीला ते ठीक, दोन दिवसांत उतरलीही पाहिजे. पण लघवीत रक्त दिसलं, विशेषतः काहीही न दुखता दिसलं, आणि माणूस चाळिशी ओलांडलेला किंवा विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर ती उन्हाळी समजू नका. एकदा दिसून आपोआप थांबलं तरीही नाही. मूत्राशयाच्या गाठीचं रक्त असंच येतं आणि थांबतं. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होते. तिथे जा.